मुठीत मावणारी ग्रीक तेलकुपी: चाकापासून भट्टीपर्यंत

दुकानातून काळा रंग आणायचा नाही, ही माझी पहिली अट. प्राचीन ग्रीक कुप्यांवरचा तो चकचकीत काळा थर रंग नाही आणि आपण म्हणतो तसं ग्लेझही (काचेसारखा लेप) नाही. ती मातीच आहे, फक्त अतिशय बारीक कणांची. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते.

करायची आहे अरिबालॉस, म्हणजे खेळाडूंची तेलाची कुपी. इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांत करिंथ या ग्रीक शहरात या कुप्या ढिगाने बनत आणि भूमध्य समुद्राकाठी दूरदूर जात. तरुण ती वादीने मनगटाला अडकवत, अंगाला तेल चोळत आणि व्यायामानंतर घाम-धुळीसकट ते धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढत. तेल थेंबाथेंबाने यावं म्हणून भोक बारीक, आणि कातडीवर टेकवून पसरता यावं म्हणून ओठ रुंद, सपाट. ओठ लहान केलात तर नुसती शोभेची बाटली उरते.

चाकावरचं काम थोडक्यात. उंची ६-७ सेंटिमीटर ठेवा, पोट गोल घेत वर बंद करत आणा. ओठ वेगळा घडवून दोन्ही लेदरहार्ड (चामड्याइतके घट्ट, पण अजून ओलसर) झाल्यावर जोडा. ओठापासून खांद्यापर्यंत चपटा कान लावा, वादी जाईल एवढी फट सोडून. करिंथची माती भाजल्यावर फिकट पिवळसर होई, अथेन्सची नारिंगी-लाल. मी वापरते ती लोहाची लाल माती आहे, म्हणून माझ्या कुपीचा घाट करिंथचा आणि रंग अथेन्सचा. मला ती जोडी आवडते.

खरा वेळ स्लिपला द्या, म्हणजे काळा थर देणाऱ्या बारीक मातीच्या पातळ घोळाला. त्याच मातीची कोरडी पूड १ किलो, पाणी साधारण अडीच लिटर, कण सुटे राहावेत म्हणून सोडियम सिलिकेट सुमारे ५ ग्रॅम. ढवळून दिवसभर अजिबात न हलवता ठेवा. जाड कण तळाशी बसतात, बारीक वर तरंगत राहतात. बारीक कणांचं वरचं पाणी नळीने हळूच काढून घ्या, तीच आपली स्लिप; तळाचा गाळ सोडून द्या. मग उघड्या परातीत दुधापेक्षा जरा दाट होईपर्यंत आटू द्या. घाई करून गाळ ओढलात तर पुढे काळं येणार नाही.

कुपी वाळत आली की कुंचल्याने प्राण्यांच्या आकृत्या भरा, स्लिप सुकल्यावर सुईने रेघा कोरा. रेघेतून खालची माती दिसली पाहिजे. ब्रिटिश म्युझियममधली मॅकमिलन अरिबालॉस जेमतेम ७ सेंटिमीटरची आहे, पण तिच्यावर लढणारे सैनिक, घोड्यांची शर्यत आणि सशाची शिकार, सगळं मावलंय. तोंडाशी सिंहाचं मुंडकं आहे ते वेगळंच. तुम्ही एका पट्ट्यापासून सुरुवात करा.

भट्टी गॅसची हवी, आणि उघड्यावर. हवा बंद केल्यावर विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्यामुळे बंद खोलीत हे करूच नका. ८०० अंशांपर्यंत भरपूर हवा द्या; सगळं लाल होतं. मग डॅम्पर (धुराड्याची झडप) लोटून धुराच्या ज्वाळेत ९००-९३० अंशांपर्यंत न्या. आता सगळं काळं. इथे बारीक स्लिप वितळू लागून घट्ट होते, तिची छिद्रं बुजतात. उतरताना ८५० अंशांच्या आसपास पुन्हा हवा सोडा. सच्छिद्र अंगात ऑक्सिजन शिरतो आणि ते परत लाल होतं. स्लिपमध्ये तो शिरू शकत नाही, म्हणून ती काळीच राहते.

आकडे प्रत्येक मातीला थोडे बदलतात. त्यासाठी स्लिप लावलेले, भोक पाडलेले छोटे तुकडे झरोक्याजवळ ठेवा आणि मधेमधे सळईने एकेक बाहेर ओढून बघा. ग्रीक कुंभारही असेच नमुन्याचे तुकडे काढत. शेवटच्या टप्प्यानंतर तुकड्यावरची स्लिप विटकरी दिसली, तर तिची छिद्रं बुजलीच नव्हती: पुढच्या खेपेला वरचं तापमान २० अंशांनी वाढवा, किंवा स्लिप आणखी बारीक काढा.