सुधारित बीसीजीची मूत्राशयात चाचणी: कुपी उघडण्यापासून ताप उतरेपर्यंत

१९७६ साली कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगावर उपाय म्हणून क्षयाची बीसीजी ही जिवंत जंतूंची लस नळीवाटे मूत्राशयात सोडली. आठवड्याला एक असे सहा डोस ठरले, कारण लस सहा कुप्यांच्या पाकिटात यायची! तो आकडा आजही कायम आहे.

व्हीपीएम१००२बीसी हा बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत बदललेला बीसीजी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचंही नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. पेशीने गिळून आतल्या कप्प्यात कोंडल्यावर साधा बीसीजी युरिएज हे विकर सोडून त्या कप्प्यातली आम्लता मारतो. इथे युरिएज सी जनुकच काढलाय आणि लिस्टेरिया जंतूचं लिस्टेरिओलायसिन हे प्रथिन घातलंय. ते आम्लतेत काम करतं आणि कप्प्याला भोकं पाडतं. जंतूचा ऐवज पेशीरसात सांडतो आणि प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरतो. स्वित्झर्लंड-जर्मनीतल्या एसएकेके ०६/१४ चाचणीत, बीसीजीनंतर कर्करोग परतलेल्यांपैकी ४९.३ टक्के रुग्णांचं मूत्राशय ६० आठवड्यांनीही स्वच्छ होतं. मात्र तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे साध्या बीसीजीपेक्षा हे सरस, असं त्यावरून म्हणता येत नाही.

रुग्ण निवडताना साध्या बीसीजीच्या पहिल्या फेरीतले सहापैकी किमान पाच आणि नंतरच्या तीनपैकी किमान दोन डोस झाले होते का, हे जुन्या कागदांवरून मोजा. अर्धवट उपचार झालेले रुग्ण ‘बीसीजी निकामी’, म्हणजे बीसीजी पुरेसा देऊनही उपयोग न झालेल्या, गटात घुसले की औषध उगाचच गुणकारी दिसतं. दुर्बिणीने गाठ काढल्यावर निदान दोन आठवडे थांबा. जखम ओली असताना जंतू थेट रक्तात जातात.

डोसच्या दिवशी रुग्णाला चार तास पाणी कमी प्यायला सांगा. लघवी तपासा, जंतुसंसर्ग किंवा डोळ्यांना दिसणारं रक्त असेल तर डोस पुढे ढकला. कोणती अँटिबायोटिक चालू आहे तेही विचारा. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिनसारख्या औषधांनी बीसीजीच मरतो.

कुपी २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर ठेवा. केमोची औषधं बनवता त्या कॅबिनेटमध्ये ती उघडू नका. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या ५० मिली सलाइनमध्ये हलक्या हाताने मिसळा. फेस येऊ देऊ नका, गाळू नका. दोन तासांत वापरा. नळीला जेली अगदी थोडी लावा, जास्त झाली तर जंतू कमी होतात. आधी मूत्राशय पूर्ण रिकामं करा, मग द्रव स्वतःच्या वजनाने उतरू द्या, पिचकारी दाबू नका. नळी घालताना रक्त आलं तर त्या दिवशी डोस नाहीच. किमान आठवडाभराने पुन्हा बघा.

द्रव दोन तास आत राहावा. पुढचे सहा तास लघवी बसूनच करायची, दर वेळी कमोडमध्ये ब्लीच ओतून १५-२० मिनिटांनी फ्लश करायचं. घरी बहुतेक लोक हेच विसरतात, म्हणून कागदावर लिहून द्या.

खरी डोकेदुखी जिवंत जंतूंच्या मोजणीची. एका डोसमध्ये १० कोटी ते १९२ कोटी वाढू शकणारे जंतू अपेक्षित असतात, पण मिडलब्रुक ७एच१० या जंतू वाढवायच्या माध्यमावर वसाहती (जंतूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) दिसायला ३७ अंशांत तीन-चार आठवडे लागतात. तोवर डोस देऊन झालेला असतो. म्हणून प्रत्येक लॉटची मोजणी आधीच करून ठेवा. बीसीजीचे पुंजके होतात आणि अख्खा पुंजका एकच वसाहत म्हणून मोजला जातो. ट्वीन ८० हे साबणासारखं द्रव्य घालून ते सुटे केले नाहीत तर चांगला लॉटही कमकुवत ठरतो.

दर तीन महिन्यांनी दुर्बीण आणि लघवीतल्या पेशींची तपासणी करा. बीसीजीनेही लाल चट्टे येतात, तेव्हा संशय आल्यास तुकडा काढूनच ठरवा.

दोन दिवस जळजळ आणि हलका ताप चालतो. ३८.५ अंशांवरचा ताप ४८ तासांत उतरला नाही तर डोस थांबवा आणि जंतू शरीरात पसरलाय असं धरून आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल या क्षयाच्या औषधांचा विचार करा. पायराझिनामाइड हे क्षयाचं आणखी एक औषध देऊन उपयोग नाही, बीसीजी मुळातच त्याला दाद देत नाही.