प्रवासातील कागदांची चिकटवही: सुरुवात कशी करावी

सहलीहून परतल्यावर सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, शर्टाच्या खिशात आणि गाडीच्या डॅशबोर्डवर जे कागद सापडतात, त्यांची रवानगी सहसा केराच्या टोपलीत होते, नाहीतर ‘नंतर बघू’ म्हणून एखाद्या प्लास्टिकच्या पिशवीत होते. पिशवीची वाट बरी वाटते. पण दोन-तीन वर्षांनी ती उघडली, तर निम्मी तिकिटे कोरी झालेली असतात आणि उरलेल्यांतील कोणते कुठले हे घरात कोणालाच सांगता येत नाही. चिकटवही करायची ती या दोन गोष्टी टाळण्यासाठी. सजावट, रंगीत टेप आणि ठसे यांचा विचार मागाहून केला तरी चालतो, आणि मुळीच केला नाही तरीही काही बिघडत नाही.

पहिली वही अलीकडच्या, छोट्या सहलीची करावी. लग्नापासूनचे सगळे प्रवास एकदम लावायला घेणाऱ्यांचे खोके पुन्हा माळ्यावर जाते, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे. पुढील विवेचनासाठी मी आमची मालवणची चार दिवसांची सहल उदाहरण म्हणून घेतली आहे. तिच्यातून घरी आलेले कागद असे होते: कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो तेव्हाचे तिकीट, कुडाळ ते मालवण एस.टी.ची तिकिटे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीची पावती, खानावळीची तीन बिले, खाज्याच्या पुड्याचा छापील कागद, लॉजच्या मालकांनी हाताने काढून दिलेला समुद्रकिनाऱ्याचा नकाशा आणि सावंतवाडीहून घेतलेले गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांच्या खेळाचे, एक गोल पान.

यांतील सर्वांत नाशिवंत वस्तू म्हणजे एस.टी.चे तिकीट. वाहकाच्या हातातील यंत्रातून निघणारी ती पांढरी पट्टी थर्मल कागदाची असते. या कागदाच्या एका बाजूला रंगहीन रंगद्रव्य आणि आम्लधर्मी पदार्थ यांचा थर असतो; यंत्राचे तापलेले टोक जिथे टेकते तिथे दोन्ही एकत्र येऊन काळे अक्षर उमटते. शाई अशी त्यात नसतेच. त्यामुळे ऊन, उष्णता, हाताचे तेल, मऊ पीव्हीसी प्लास्टिक आणि काही प्रकारचे गोंद यांपैकी कशाशीही दीर्घकाळ संबंध आला की अक्षरे फिकट होत जातात. खानावळीची बिले, एटीएमच्या पावत्या आणि वाहनतळाच्या चिठ्ठ्या याच जातीच्या. कागद थर्मल आहे की नाही हे ओळखायचे असेल, तर कडेला नखाने जोरात एक रेघ ओढून पाहावी. घर्षणाच्या उष्णतेने ती करडी उमटते.

अशी तिकिटे टिकावीत म्हणून एकदा मी सहा तिकिटे ओळीने लावून लॅमिनेट करायला दिली. यंत्रातून बाहेर आली ती गुळगुळीत, चकचकीत आणि वरपासून खालपर्यंत काळी पट्टी. लॅमिनेशनचे यंत्र शंभर अंशांहून अधिक तापते, आणि थर्मल कागदाच्या दृष्टीने तो एक मोठा छपाईचा आदेशच ठरतो. झालेली चूक उलटवता येत नाही. म्हणून अशा तिकिटाचा फोटो त्याच दिवशी संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी काढून ठेवावा आणि घरी आल्यावर साध्या कागदावर त्याची झेरॉक्स काढावी. झेरॉक्समधील काळी भुकटी कागदावर वितळवून बसवलेली असते, त्यामुळे ती वर्षानुवर्षे टिकते. घरातील इंकजेट प्रिंटरच्या प्रतीची तशी खात्री देता येत नाही. वहीत झेरॉक्स लावावी आणि मूळ तिकीट तिच्यामागे कागदी पाकिटात ठेवावे.

आता निवड. आलेला प्रत्येक कागद वहीत गेलाच पाहिजे असे नाही. एका दिवसाला तीन ते पाच वस्तू पुरतात. निवडताना किंमत किंवा देखणेपणा न पाहता, त्या कागदाकडे बोट दाखवून आपल्याला काही सांगता येईल का, एवढेच पाहावे. आमच्या तीन बिलांपैकी दोन मी टाकली. तिसऱ्यावर ‘सोलकढी’ अकरा वेळा लिहिलेली होती आणि आम्ही माणसे पाचच होतो, म्हणून ते राहिले. हाताने काढलेला नकाशा तर पहिल्या पानाचा मानकरी ठरला, कारण तसा दुसरा जगात नाही.

काही वस्तू मात्र कितीही जवळच्या वाटल्या तरी वहीबाहेरच ठेवाव्यात. खाज्याच्या कागदाला गूळ आणि तेल लागलेले असते. तो नुसता पुसून लावला, तर पहिल्या आठवड्यात मुंग्या येतात आणि नंतर तेलाचा डाग समोरच्या पानावरही उतरतो. त्याचा फोटो लावणे उत्तम. शंख-शिंपले पान फुगवतात आणि फाडतात. शिवाय प्रवाळ आणि काही जातींचे शंख यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे ते किनाऱ्यावरून न उचललेलेच बरे. चलनी नोटा चिकटवू नयेत. टाचण्या, यू-पिना आणि स्टेपलच्या तारा प्रत्येक कागदावरून काढून टाकाव्यात, कारण दमट हवेत त्यांचा गंज आधी कागदावर उतरतो आणि मग तेवढाच भाग गळून पडतो. तार काढताना नखाने ओढू नये. मागील बाजूची दोन्ही टोके बोथट सुरीने सरळ करून मग ती समोरून उचलावी.

मातीचे डाग ही वेगळी बाब आहे. आमच्या एस.टी.च्या एका तिकिटावर कोकणातील तांबड्या मातीचा अंगठ्याएवढा ठसा होता. असा कोरडा डाग ओल्या फडक्याने पुसू नये. मऊ ब्रशने सुटी माती झाडावी आणि उरलेला डाग तिथेच राहू द्यावा.

वहीसाठी शाळेच्या दुकानात मिळणारी रंगीत पानांची स्वस्त चिकटवही घेण्याचा मोह होतो, पण तिचा कागद पातळ असतो आणि ओल लागली की त्याचा रंग सुटतो. वर्तमानपत्र उन्हात ठेवले की पिवळे पडते, ते लाकडाच्या लगद्यातील लिग्निन या घटकामुळे. हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यात आणि कागदातही तो असतो, आणि अशा कागदातील आम्ल शेजारच्या तिकिटालाही लागते. त्यामुळे ‘अ‍ॅसिड-फ्री’ असे लिहिलेला १५० ते २०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, अर्थात चित्रकलेचा जाड कागद घ्यावा किंवा सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद वापरावा. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, हे तिथल्या वाचकांना ठाऊक असेलच. बांधणी शक्यतो स्पायरल किंवा रिंगची असावी, कारण कागद लावल्यावर वही फुगते आणि घट्ट शिवलेली वही अर्ध्यातच तोंड उघडून बसते. चिकट पानांवर प्लास्टिकचा पापुद्रा ओढायचे जे जुने फोटो अल्बम असत, ते मात्र टाळावेत. त्यांतील फोटो आता निघता निघत नाहीत हे अनेक घरांनी अनुभवले आहे.

चिकटवण्याआधी सगळे कागद दिवसवार लावून प्रत्येकाच्या मागे शिसपेन्सिलीने तारीख आणि ठिकाण लिहावे. नंतर एका पानाचे कागद त्यावर सुटेच मांडावेत, हलवून पाहावेत, आणि मांडणी पटली की मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे चिकटवताना पंख्याच्या वाऱ्याने सगळे उडाले तरी मांडणी हरवत नाही. एक मोठा कागद, दोन-तीन लहान आणि लिहिण्यासाठी पानाचा निदान तिसरा हिस्सा मोकळा, एवढे प्रमाण सुरुवातीला सांभाळावे. तिकिटाच्या कडा कापून त्याला नीटनेटके करू नये. वाहकाने वेडीवाकडी फाडलेली कड आणि तिकिटाचा क्रमांक हाही त्याचाच भाग आहे. घडीचा नकाशा पूर्ण उघडून चिकटवण्याऐवजी त्याचा मागचा एकच चौकोन चिकटवावा, म्हणजे तो वहीतच उघडता-मिटता येतो.

चिकटवण्याच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: लावलेली वस्तू उद्या न फाडता काढता आली पाहिजे. सेलोटेप या कसोटीला मुळीच उतरत नाही. काही वर्षांत ती पिवळी होते, सुटून पडते आणि तिचा चिकटा तेवढा डाग होऊन राहतो. पांढरा फेव्हिकॉल पातळ कागदाला सुरकुत्या पाडतो आणि वाळल्यावर सोडत नाही. फोटो, पोस्टकार्ड आणि गंजिफाच्या पानासारख्या वस्तूंना तर गोंद लावूच नये. चौकोनी वस्तूंसाठी कागदी कोपरे घरीच करता येतात. चार सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद अशी कागदाची पट्टी आडवी धरावी. वरच्या कडेचा मध्यबिंदू बोटाने दाबून धरून डावा आणि उजवा असे दोन्ही वरचे कोपरे मागच्या बाजूला खाली दुमडावेत, म्हणजे त्यांच्या कडा मागे मधोमध एकमेकींना भिडतात आणि खालून उघडा असा त्रिकोणी खिसा तयार होतो. खिशात फोटोचा कोपरा सरकवावा आणि खिशाच्या मागील बाजूलाच गोंद लावून तो पानावर दाबावा. चारही कोपऱ्यांना असे केले की फोटोला गोंदाचा स्पर्शही होत नाही. गंजिफाच्या गोल पानासाठी वहीच्या पानावर दोन वक्र चिरा पाडून त्यांत त्याच्या कडा अडकवाव्यात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात अशी १२० पाने असतात. आमच्याकडचे एकुलते पान मत्स्यावताराचे आहे आणि मुले ते दर वेळी बाहेर काढून पाहतात, त्यामुळे ही सोय फार उपयोगी पडली.

साध्या कागदांसाठी मैद्याची खळ अजूनही उत्तम. एक वाटी मैदा पाच वाट्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा. आधी तो दुधासारखा पांढरा दिसतो, मग एकाएकी घट्ट होऊन काचेसारखी झाक येते. तिथून आणखी तीन-चार मिनिटे शिजवून गॅस बंद करावा आणि गार झालेली खळ फडक्यातून गाळून घ्यावी. पहिल्या वहीला याच्या चौथाई प्रमाणातही पुरून उरते. पूर्वी कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत असत. तो विषारी आहे आणि त्यातील तांबे कागदालाही घातक आहे, तेव्हा तो वारसा पुढे चालवू नये. खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. ती ब्रशने कागदाच्या फक्त कडेला, अगदी पातळ लावावी, वर बटरपेपर ठेवून जाड पुस्तकांच्या ओझ्याखाली रात्रभर दाबावी. हे काम आषाढ-श्रावणात काढू नये. हवेतील ओलीने खळ वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी पानाला बुरशीचा वास येतो.

राहिले लेखन, आणि वहीचा जीव त्यातच असतो. ‘खूप मजा आली’ हे वाक्य कोणत्याही सहलीखाली बसते, म्हणून ते कोणत्याच सहलीचे नसते. होडीच्या पावतीखाली आमच्या वहीत असे लिहिले आहे: ‘सकाळी साडेनऊ. वारा होता. बाबांनी होडीत चढण्याआधी चपला काढून हातात घेतल्या आणि किल्ल्यावर उतरेपर्यंत सोडल्या नाहीत. शिवराजेश्वराच्या मंदिरात पुजाऱ्यांनी विचारले, चपला बाहेर का नाही ठेवल्या?’ एवढ्या चार ओळींनी त्या पावतीला अर्थ येतो. वेळ, वारा, कोण काय म्हणाले, काय महाग पडले, काय चुकले, असे लिहावे आणि आठवड्याच्या आत लिहावे. नोंदी एकट्याने लिहिण्यापेक्षा घरातील प्रत्येकाला एकेक पान द्यावे. आईने ‘मासे ताजे, भात मात्र कच्चा’ असे शेरा मारल्यासारखे लिहिले आहे. तिचे ते तिरपे अक्षर मला होडीच्या पावतीइतकेच मोलाचे वाटते. पेन पिगमेंट शाईचे, न फुटणारे असावे. अनेक जेल पेनांची शाई पाण्याच्या थेंबाने पसरते. फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहिल्यास अक्षर समोर उमटते, म्हणून तिथेही पेन्सिलच वापरावी.

अलीकडे हातात कागदच येत नाही, ही तक्रार खरी आहे. २०२१ साली फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून टोलनाक्यांच्या पावत्या जवळपास नाहीशा झाल्या, आणि तिकिटे मोबाईलमध्ये गेली. यावर एक जुना उपाय आहे. आपल्याकडे १८७९पासून पोस्टकार्ड चालत आले आहे. जिथे जाल तिथल्या डाकघरातून स्वतःच्याच पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकावे आणि शिक्का स्पष्ट उमटवण्याची खिडकीवर विनंती करावी. गावाचे नाव आणि तारीख शिक्क्यातच येते, मजकूर त्या जागी बसून लिहिलेला असतो, आणि बहुतेक वेळा आपण आधी घरी पोहोचतो व सहल दोन दिवसांनी पुन्हा दारात येते. मोबाईलवरील तिकिटाचा स्क्रीनशॉट छापून लावण्यापेक्षा मला हे कधीही अधिक आवडते.

पूर्ण झालेली वही माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये. माळा तापतो आणि ती भिंत पावसाळ्यात ओल धरते. सुती फडक्यात गुंडाळून आतल्या कपाटात आडवी ठेवावी, सोबत सिलिका जेलची पुडी आणि कसर लागू नये म्हणून वेखंडाची लहान पुरचुंडी असावी. मात्र पुरचुंडी पानांत न घालता फडक्याच्या बाहेर ठेवावी. पाऊस सरला की ऑक्टोबरात वही सावलीत, पंख्याखाली दोन तास उघडून पाने मोकळी करावीत आणि सुटलेले कोपरे पुन्हा चिकटवावेत. गेल्या वर्षी असे करताना मी मागच्या पाकिटातील मूळ तिकीट बाहेर काढले. अक्षरे जवळजवळ गेली आहेत. तांबड्या मातीचा ठसा मात्र होता तसाच आहे.