आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे कुलूपबंद कसे ठेवावेत

आधारची नोंदणी करताना आपण दहाही बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा, चेहऱ्याचे छायाचित्र, नाव, पत्ता, जन्मतारीख आणि लिंग एवढी माहिती भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या स्वाधीन करतो. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक वाटले गेले, तेव्हा या माहितीच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो २०१६ साली आला. त्याच्या कलम २९ नुसार ठसे आणि बुबुळे ही मूळ जैविक माहिती कोणत्याही कारणासाठी कोणालाही देता येत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे, मात्र मध्यवर्ती साठ्याबाहेर पडलेल्या आपल्या क्रमांकाचे आणि ठशांचे काय, या प्रश्नाचे व्यवहारातले उत्तर त्यातून मिळत नाही. भाडेकरारासाठी दिलेली झेरॉक्स, व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ, खरेदीखतावर उमटवलेला अंगठा या गोष्टी त्या साठ्यापर्यंत पोहोचतही नाहीत आणि फसवणूक करणाऱ्याला त्या साठ्यापर्यंत जाण्याची गरजही पडत नाही. म्हणून पुढील सूचनांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: क्रमांक आणि ठसे एरवी बंद ठेवावेत, कामापुरते उघडावेत आणि त्या कामाला जेवढी माहिती लागते त्याहून अधिक देऊ नये.

सुरुवात मोबाइल क्रमांकापासून करावी

पुढची प्रत्येक गोष्ट ओटीपीवर चालते आणि ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइल क्रमांकावरच येतो. अनेकांनी नोंदणीच्या वेळी घरातल्या दुसऱ्याचा, कधी नोंदणी केंद्रावरच्या माणसाचा, तर कधी आता वापरात नसलेला क्रमांक दिलेला असतो. बंद पडलेला क्रमांक कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते आणि मग आपले ओटीपी एका अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. प्राधिकरणाच्या अधिकृत संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक पडताळण्याची सोय आहे. तेथे जोडणी चुकीची आढळली, तर आधार सेवा केंद्रात जाऊन ती आधी दुरुस्त करून घ्यावी. हे होईपर्यंत पुढचे काही करू नये, कारण परक्याच्या हाती किल्ली असलेले कुलूप लावण्यात अर्थ नाही. आपल्या नावावर एकूण किती सिमकार्डे चालू आहेत, हेही दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर त्याच बैठकीत पाहून घ्यावे आणि अनोळखी क्रमांक दिसल्यास तेथेच तक्रार नोंदवावी.

कोणी, कधी पडताळले ते पाहावे

'मायआधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी देऊन प्रवेश केला की 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' हा पर्याय मिळतो. मागील सहा महिन्यांत आपल्या आधारचे ऑनलाइन प्रमाणीकरण कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या संस्थेमार्फत आणि ठशाने, बुबुळाने, चेहऱ्याने की ओटीपीने झाले, ते यशस्वी झाले की फसले, हे सर्व तेथे दिसते. घरातील प्रत्येक व्यक्तीची ही यादी दर दोन-तीन महिन्यांनी पाहण्याची सवय लावून घ्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आपण त्या दिवशी कोठे होतो, हे आठवत असतानाच नोंद तपासली तर तिचा उपयोग होतो. फसलेल्या प्रयत्नांकडेही दुर्लक्ष करू नये. आपण कोठेही अंगठा लावलेला नसताना ठशाचे तीन-चार अयशस्वी प्रयत्न दिसत असतील, तर कोणीतरी आपला ठसा चालतो का हे चाचपून पाहत आहे, असे समजून त्याच दिवशी हालचाल करावी.

या यादीची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. तिच्यात ऑनलाइन प्रमाणीकरणच नोंदले जाते. आपण दिलेली झेरॉक्स कोणी, किती वेळा वापरली, याची नोंद कोठेही होत नाही.

ठसे लॉक करावेत, पण कोणाचे करू नयेत तेही पाहावे

त्याच संकेतस्थळावर, तसेच 'एमआधार' ॲपवर, बायोमेट्रिक्स लॉक आणि अनलॉक करण्याचा पर्याय आहे. एकदा लॉक केले की आपला खरा अंगठासुद्धा कोणत्याही यंत्रावर चालत नाही आणि बुबुळ व चेहराही चालत नाहीत. मग नकली ठसा तर चालणारच नाही. सिमकार्ड घेताना किंवा भाडेकराराच्या ऑनलाइन नोंदणीसाठी एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो तेव्हा ते तात्पुरते उघडता येते आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा बंद होते. काम सुरू होण्याच्या आधी नव्हे, तर यंत्र समोर आल्यावरच ते उघडावे. बायोमेट्रिक लॉकमुळे ओटीपीने होणारी कामे अडत नाहीत आणि बँक खात्यात थेट जमा होणारे अनुदानही थांबत नाही, त्यामुळे ज्यांच्या हातात स्वतःचा मोबाइल आहे अशा बहुतेकांनी ते कायम लावून ठेवण्यास हरकत नाही.

ज्यांचे महिन्याचे धान्य रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा लावूनच मिळते, ज्यांना गावातील बँक मित्राकडूनच पैसे काढावे लागतात किंवा जे निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला ठशाने वा चेहऱ्याने देतात, अशांचे ठसे त्यांना न सांगता लॉक करणे हे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. शहरात राहणाऱ्या मुलाने काळजीपोटी गावाकडच्या आईचे बायोमेट्रिक लॉक करायचे आणि तिने दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन परतायचे, असे होता कामा नये. अशा घरांत ठसे उघडे ठेवून बँकेच्या बाजूने बंदोबस्त करणे अधिक योग्य. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

बारा अंकांऐवजी सोळा अंक

आधार क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. त्याच्या जागी वापरण्यासाठी प्राधिकरणाने २०१८ साली सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी आणला. त्यावरून मूळ आधार क्रमांक शोधता येत नाही, एका वेळी एकच व्हर्च्युअल आयडी चालू असतो आणि नवा तयार केला की जुना निकामी होतो. तो संकेतस्थळावरून मिळतो किंवा नोंदवलेल्या मोबाइलवरून १९४७ या क्रमांकावर एसएमएस करूनही मिळतो: जी, व्ही, आय, डी ही चार इंग्रजी मोठी अक्षरे, मग एक मोकळी जागा आणि पुढे आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक. जेथे ऑनलाइन प्रमाणीकरण होते, तेथे आधार क्रमांकाऐवजी हा क्रमांक देता येतो.

याच्याही पुढे जाऊन खुद्द आधार क्रमांक लॉक करता येतो. तसे केल्यावर मूळ बारा अंकांवर ठशाने, माहितीने किंवा ओटीपीने कसलेच प्रमाणीकरण होत नाही. केवळ व्हर्च्युअल आयडी चालतो आणि क्रमांक पुन्हा उघडण्यासाठीही तोच लागतो. ही सर्वांत भक्कम व्यवस्था आहे, परंतु खिडकीवरचा कर्मचारी बारा अंकांसाठीच अडून बसतो तेव्हा त्याच्याशी वाद घालण्याची तयारी ठेवावी लागते. ज्यांना तो वेळ आणि धीर आहे त्यांनीच हा मार्ग घ्यावा. बाकीच्यांना बायोमेट्रिक लॉक पुरेसे आहे.

कागद आणि फाइल

माझ्या मते सर्वांत मोठी गळती येथे आहे. एका झेरॉक्सच्या दुकानात मी छपाईसाठी थांबलो असताना तेथील संगणकाचा 'डाउनलोड्स' फोल्डर माझ्यासमोर उघडला गेला आणि त्यात अनोळखी लोकांच्या ई-आधारच्या फाइली एकाखाली एक पडलेल्या मी पाहिल्या. दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हते. त्या पुसायच्या असतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित आहे, ही समजूत सोडून द्यावी. नावाची इंग्रजीतील पहिली चार मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष, असा तो पासवर्ड सर्वांसाठी एकाच रीतीने बनलेला असतो, आणि आपले नाव व वय ज्याला माहीत आहे त्याला तो मिनिटभरात लागतो.

म्हणून ई-आधार उतरवताना 'मास्क्ड आधार' हा पर्याय निवडावा. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. छायाचित्र, नाव, पत्ता आणि क्यूआर कोड तसेच राहतात, त्यामुळे ओळख पटवण्याचे काम होते. हॉटेल, व्यायामशाळा, गृहनिर्माण संस्थेचे कार्यालय, कुरिअर, घरमालक यांना याहून अधिक देण्याचे कारण नाही. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरू प्रादेशिक कार्यालयाने आधारच्या झेरॉक्स सरसकट देऊ नयेत आणि मास्क्ड आधार वापरावे, असे प्रसिद्धिपत्रक काढले होते. गैरसमज होईल या कारणाने केंद्र सरकारने ते दोनच दिवसांत मागे घेतले. पत्रक मागे गेले, तरी मास्क्ड आधारची सोय आजही आहे आणि ती वापरण्याचा आपला अधिकारही.

समोरच्याला खात्री हवी असेल, तर त्याने क्यूआर कोड स्कॅन करावा. त्या कोडमधील माहितीवर प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते, त्यामुळे झेरॉक्सपेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह पडताळणी आहे. अशी ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याने आधार क्रमांक गोळा करू नये व साठवू नये, असे २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम ८अ सांगते.

झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर कारण, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख अशा रीतीने लिहावी की अक्षरे छायाचित्रावरून आणि मजकुरावरून जातील, कोपऱ्यात नको. छपाईसाठी फाइल पाठवण्याऐवजी घरूनच मास्क्ड प्रत छापून ठेवावी. ते शक्य नसेल तर आपल्यासमोर फाइल पुसायला लावावी, 'रिसायकल बिन'मधूनही आणि व्हॉट्सॲप वेबमधूनही. संस्थेच्या सूचना फलकावर किंवा गटावर सभासदांचे आधार क्रमांक लावणे कलम २९ प्रमाणेच निषिद्ध आहे, हे चिटणिसांना लेखी कळवावे.

बँकेची बाजू

आधार सक्षम पेमेंट प्रणालीत, म्हणजे एईपीएसमध्ये, पैसे काढायला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि ठसा एवढेच लागते. पिन नाही, ओटीपी नाही. दुर्गम गावातील माणसासाठी ही सोय खरोखर उपकारक आहे. पण नोंदणीकृत दस्तांच्या प्रतींवर आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा दोन्ही एकाच पानावर मिळतात, आणि तेलंगण व कर्नाटकसह काही राज्यांत अशा दस्तांवरील ठशांवरून नकली ठसे बनवून लोकांच्या खात्यांतून रक्कम काढल्याची प्रकरणे पोलिसांत गेली आहेत. आपल्या खात्यावर एईपीएस चालू आहे का, हे शाखेत लेखी विचारावे आणि वापरत नसल्यास त्यातून पैसे काढण्याची सोय बंद करून घ्यावी. अर्जात शब्द नेमके असावेत: केवळ एईपीएसद्वारे होणारे व्यवहार बंद करावेत, आधार जोडणी काढू नये. जोडणीच गेली, तर गॅसचे अनुदान किंवा लाडकी बहीण योजनेची रक्कम अडकेल. ज्यांना एईपीएसशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी त्या खात्यात महिन्याच्या गरजेपुरतीच रक्कम ठेवावी आणि बचत वेगळ्या खात्यात ठेवावी.

'सक्तीचे आहे' असे सांगितले तर

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार योजना चार विरुद्ध एक मतांनी कायम ठेवताना बँक खाते आणि मोबाइल क्रमांकासाठीची सक्ती रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बँका व मोबाइल कंपन्या आधार स्वीकारू शकतात, पण ते ग्राहकाने स्वेच्छेने दिले तरच. पारपत्रासारखा दुसरा वैध पुरावा नाकारता येत नाही. शाळाप्रवेशासाठी मुलांचे आधार सक्तीचे करता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. याउलट पॅन जोडणी आणि सरकारी अनुदाने यांसाठीची अट न्यायालयाने मान्य केली आहे. म्हणून वाद घालण्याआधी आपले काम कोणत्या गटात मोडते, हे पाहावे आणि खासगी संस्थेने हट्ट धरल्यास 'आधारव्यतिरिक्त कोणता पुरावा चालेल आणि चालत नसल्यास कोणत्या नियमाने' एवढाच प्रश्न ईमेलने विचारावा. माझा अनुभव असा, की तोंडी अडवणाऱ्यांपैकी बरेच जण हा प्रश्न लेखी आला की दुसरा पुरावा स्वीकारतात.

पैसे गेलेच तर

ठशाने पैसे काढल्याचा संदेश आला, तर त्याच क्षणी बायोमेट्रिक लॉक करावे, १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल आणि त्याने संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले असेल, तर नुकसानीचा भार त्याच्यावर पडत नाही. म्हणून पोचेवरची तारीख व वेळ नीट उमटली आहे ना, ते पाहावे. मग 'ऑथेंटिकेशन हिस्टरी'तील त्या नोंदीची छापील प्रत काढावी, कारण तिच्यावर संस्थेचे नाव, वेळ आणि व्यवहाराचा सांकेतिक क्रमांक असतो आणि तपास तेथूनच सुरू होतो. बँकेला, पोलिसांना आणि प्राधिकरणाला दिलेल्या तिन्ही तक्रारींत तो क्रमांक सारखाच लिहावा.