बेळगावहून आग्नेय आशिया: सॅक पाठीवर घेऊन जमिनीच्या वाटेने

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून परदेशी जाणारी माणसे बहुधा दोन प्रकारची असतात: नोकरीसाठी आखातात जाणारी आणि सहल कंपनीबरोबर चार-पाच रात्रींत बँकॉक-पट्टाया उरकून येणारी. हे मार्गदर्शन त्या दोघांहून वेगळ्या प्रवाशासाठी आहे. ज्याच्याकडे महिना-दीड महिन्याची सवड आणि बेताचे पैसे आहेत, आणि जो पाठीवर सॅक टाकून थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया हे देश बस, रेल्वे आणि होडीने जोडून पाहू इच्छितो, त्याच्यासाठी ते लिहिले आहे. अशा प्रवासात काय पाहावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु प्रवास अडतो तो बहुधा सीमाचौकीवर, आणि म्हणून आखणी स्थळांच्या यादीवरून न करता एका सीमेपासून दुसऱ्या सीमेपर्यंत अशी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमिनीच्या वाटा राजकारणाच्या मर्जीवर चालतात. १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातले तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल असे टप्पे घेत भारतात उतरत आणि त्यांतले बरेच जण आपल्या चोर्ला घाटापलीकडच्या गोव्यात, हणजुण्याच्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली. भाषावाद पेटला की महाराष्ट्राच्या बसगाड्या राज्याच्या सीमेवर कोगनोळीलाच थांबतात, हे पाहत वाढलेल्या सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सुरुवात पासपोर्टपासून, आणि पासपोर्टची सुरुवात नावापासून करावी. आपल्या भागात हा घोळ हमखास असतो. घरी मराठी पद्धतीने नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहिले जाते; दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर असते; आणि आधार कार्डावर कन्नड उच्चाराच्या अंगाने इंग्रजी स्पेलिंग पडलेले असते, त्यामुळे एकच जोतिबा तीन कागदांवर तीन तऱ्हांनी दिसतो. अर्ज भरण्यापूर्वी आधार आणि गुणपत्रिका यांतील नाव, आडनाव व जन्मतारीख जुळवून घ्यावी आणि दुरुस्ती लागत असेल तर आधी तीच करावी. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना मोकळा सोडू नये, कारण एकेरी नावाच्या पासपोर्टमुळे विमानाचे तिकीट आणि ई-व्हिसाचे अर्ज दोन्ही अडतात. अर्जासोबत दहावी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा जोडावा. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात वा बेंगळुरूत राहणाऱ्यांनी सध्याच्या पत्त्याचा विचार आधी करावा, कारण पोलीस पडताळणी त्या पत्त्यावर होते. पासपोर्ट आधीच असेल तर प्रवेशाच्या दिवशी त्याची किमान सहा महिने मुदत आणि काही कोरी पाने शिल्लक आहेत ना, हे पाहून घ्यावे.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नाही. त्यामुळे बेंगळुरू, मुंबई किंवा गोव्यातील मोपा यांपैकी एक निवडावे लागते. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने सकाळी बेंगळुरूला उतरणे सर्वांत स्वस्त पडते; परंतु रेल्वे स्थानक शहराच्या मध्यावर आणि विमानतळ शहराबाहेर देवनहळ्ळीला असल्यामुळे मध्ये निदान अर्धा दिवस मोकळा ठेवावा. पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या भरवशावर मोप्याचे पहाटेचे विमान धरू नये.

कधी जावे, हे आपल्या सुट्ट्यांवरून ठरते आणि तिथेच गफलत होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या बहुतेक पट्ट्यासाठी उत्तम असला तरी पुष्कळांना दिवाळीत किंवा मे महिन्यातच रजा मिळते. दिवाळीच्या सुमारास मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे ह्युए आणि होई आन परिसरात, पावसाचा जोर असतो आणि पूरही येतात. तेव्हा थायलंड-लाओस आधी करून त्या भागात शक्य तितक्या उशिरा पोहोचावे. मे महिन्यात उलट स्थिती असते: मध्य व्हिएतनामचा किनारा कडक उन्हाचा पण कोरडा राहतो आणि थायलंडमध्ये पाऊस सुरू होतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंडमधील चियांग माई आणि उत्तर लाओस शेते-जंगले जाळल्याच्या धुराने भरलेले असतात; दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या दिवसांत तिकडे फिरकू नये.

मार्ग पुढीलप्रमाणे धरावा, असे मी सुचवतो. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने चियांग माई. तेथून बसने चियांग खोंग. मेकाँगवरचा मैत्री पूल ओलांडून लाओसमधील हुआय साय. तेथून संथ होडीने दोन दिवस, मधली रात्र पाकबेंगला काढून, लुआंग प्राबांग. तेथून व्हियेनतियानला जाण्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली रेल्वे आहे, जिने डोंगरातला दिवसभराचा बसप्रवास काही तासांवर आणला. व्हियेनतियानहून हनोईची बस चोवीस तासांच्या आसपास घेते. ती पाठ मोडणारी आहे आणि पैसे असतील तर हा एक टप्पा विमानाने करण्यात कमीपणा नाही. हनोईपासून दक्षिणेकडे हो ची मिन्ह शहरापर्यंत रेल्वे जाते. तेथून मोक बायच्या चौकीवरून कंबोडियात शिरून नॉम पेन्ह आणि सिएम रीप गाठावे. पूर्वी बॅकपॅकर सिएम रीपहून बसने थेट बँकॉकला परतत. परंतु २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवरून संघर्ष होऊन जमिनीवरच्या चौक्या बंद झाल्या. त्यामुळे शेवटचा टप्पा विमानाचाच धरावा आणि त्याचे पैसे आरंभीच बाजूला काढून ठेवावेत. महिनाभरात चार देश हीच मुळात घाई आहे. तीन केले तर प्रवास अंगी लागतो.

आता सीमांविषयी सविस्तर. थायलंडने भारतीयांना व्हिसामाफी दिलेली असली तरी तिची मुदत आणि अटी बदलत आल्या आहेत, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करावी. १ मे २०२५ पासून थायलंडचे डिजिटल आगमन कार्ड भरणे सक्तीचे आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले की ते बंद करावे. विमान कंपनीचा कर्मचारी परतीचे किंवा पुढच्या देशाचे तिकीट मागू शकतो आणि ‘मी बसने लाओसला जाणार आहे’ एवढ्यावर त्याचे समाधान होईलच असे नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एका प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर असते. अर्जात प्रवेशाची चौकी निवडावी लागते, म्हणून रस्त्याने शिरणार की विमानाने, हे आधी ठरलेले असले पाहिजे. पासपोर्टवरचे नाव अक्षरशः तसेच उतरवावे. एका अक्षराच्या चुकीसाठी माणसे विमानतळावरून परत फिरली आहेत.

लाओस आणि कंबोडियाचा व्हिसा चौकीवर मिळू शकतो आणि तिथे डॉलर चालतात. परंतु कसे डॉलर, हे महत्त्वाचे. हुआय सायच्या खिडकीतला अधिकारी नोट उजेडाकडे धरतो, चारही कोपऱ्यांवर अंगठा फिरवतो आणि टाचणीएवढी चीर किंवा पेनाची रेघ दिसली की ती मुकाट्याने परत सरकवतो. हुज्जत घालून उपयोग होत नाही. नोटा निघण्यापूर्वीच अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह, नव्या आणि निरनिराळ्या मूल्यांच्या घ्याव्यात, वहीच्या पुठ्ठ्यात सपाट ठेवाव्यात आणि सोबत पासपोर्ट आकाराची छायाचित्रे असावीत. एका देशाचा बाहेर पडल्याचा आणि दुसऱ्याचा प्रवेशाचा असे दोन्ही शिक्के पडले आहेत ना, आणि त्यांवरची तारीख बरोबर आहे ना, हे खिडकीसमोरच उभे राहून पाहावे. थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड पडतो. लाओसचे किप सीमेपलीकडे कोणी विचारत नाही. ते तिथेच संपवून निघावे. बाकी खर्चासाठी फॉरेक्स कार्ड पुरेसे आहे, मात्र थायलंडचे एटीएम प्रत्येक वेळी २०० बाटांहून जास्त शुल्क कापते, म्हणून थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच बेताची रक्कम काढावी.

खाण्याचा प्रश्न आपल्याकडच्या शाकाहारी घरांतून जाणाऱ्यांना सर्वांत जास्त सतावतो. नुसते ‘मांस नको’ म्हटल्याने काम भागत नाही, कारण माशांचा रस हा तिथल्या स्वयंपाकात मिठाच्या जागी पडतो. थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेली ‘जे’ खानावळ शोधावी. व्हिएतनाममध्ये पाटीवर ‘चाय’ लिहिलेली दुकाने बौद्ध शाकाहारी असतात आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी, आपल्याकडे एकादशीला साबुदाणा दिसावा तशी, ती ठिकठिकाणी दिसू लागतात. लाओसच्या खेड्यांत मात्र चिकट भात, उकडलेल्या भाज्या आणि केळी यांवर दिवस काढण्याची तयारी ठेवावी. घरून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गोकाकचा करदंट न्यावा. कुंदा त्या उष्म्यात टिकत नाही, त्याचा मोह सोडावा.

सिएम रीपजवळच्या अंकोर मंदिरसमूहासाठी ६२ डॉलरचा तीन दिवसांचा पास घ्यावा. ते तीन दिवस दहा दिवसांत सुटे सुटे वापरता येतात. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर त्यातल्या अंकोर वाट या मुख्य मंदिराच्या वरच्या मजल्यावर सोडत नाहीत. हलशी आणि देगावची मंदिरे पाहिलेल्या माणसाने पूर्वेच्या ओवरीतील समुद्रमंथनाच्या लांबलचक शिल्पपटापुढे सकाळचा निवांत वेळ काढावा. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने उभारलेले हे मूळचे विष्णूचे मंदिर आहे.

भाड्याची मोटारसायकल हा बॅकपॅकरांच्या अपघातांचा मोठा उगम आहे. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचाच मानतो. म्हणजे तिथे तो परवाना चालत नाही, आणि वैध परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी सरळ हात वर करते. गाडी भाड्याने घेताना अनामत म्हणून मूळ पासपोर्ट कधीही देऊ नये. माकड किंवा कुत्रा चावल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

शेवटी दोन धोक्यांविषयी कडक शब्दांत सांगणे भाग आहे. हॉस्टेलमध्ये किंवा टेलिग्रामवर कोणी कंबोडियात, म्यानमारच्या म्यावाडीत अथवा लाओसच्या गोल्डन ट्रँगल भागात संगणकावरची नोकरी देऊ करील, तिकीटही काढून देईल. अशा ठिकाणी भारतीय तरुणांना कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करवून घेतली गेली आहे आणि भारतीय दूतावासांनी त्याविषयी वारंवार इशारे दिले आहेत. पर्यटक व्हिसावर नोकरी नसते, एवढे पक्के धरावे. दुसरे म्हणजे, बँकॉकहून भारतात उतरणाऱ्या प्रवाशांच्या सामानात गांजा सापडण्याचे प्रकार सतत घडत आहेत. ‘भावाला एवढी बॅग द्या’ म्हणणारा गाववाला निघाला, मराठीत बोलला, तरी त्याची बॅग घेऊ नये, आणि आपली सॅक विमानतळावर क्षणभरही दुसऱ्याच्या हवाली करू नये.