कार्ड केशरी, म्हणून धान्य नाही? उत्पन्नाच्या मर्यादेबाबत या चुका टाळा

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात मी लोकांचे अर्ज भरून देतो. सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "भाऊ, आम्ही बीपीएलमध्ये नाहीत, आम्हाला काही मिळत नाही." पहिली चूक इथंच होते. गरिबीची एकच रेषा नाही. प्रत्येक योजनेचा आकडा निराळा आहे.

रेशन कार्डाचा रंग १९९९ च्या तिरंगी योजनेतला. पिवळ्यासाठी वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत, केशरीसाठी १ लाखापर्यंत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात धान्य मिळणाऱ्या 'प्राधान्य कुटुंब' गटाची महाराष्ट्रातली मर्यादा मात्र खेड्यात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार आहे. म्हणजे केशरी कार्डवालाही माणशी ५ किलो धान्याला पात्र ठरू शकतो. रंग बघून परत फिरू नका. कार्डाच्या १२ अंकी नंबरावर आपण कोणत्या गटात आहोत, ते रेशन दुकानात किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारा. उत्पन्न बसूनही नाव नसेल, तर तालुक्याचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या, भरलेला असू शकतो. तरीही अर्ज द्या आणि पोच घ्या. जागा झाल्यावर तोंडी मागणी कुणी शोधत नाही.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी आणखी एक बघावं. केशरी कार्ड आहे, सातबारा नावावर आहे, पण प्राधान्य यादीत नाव नाही, अशा शेतकरी कुटुंबांसाठी आपल्या सगळ्या जिल्ह्यांसह १४ जिल्ह्यांत २०१५ पासून वेगळी योजना आहे. २०२३ पासून त्यात धान्याऐवजी रोख रक्कम खात्यावर येते. कित्येकांचं बँक खातं जोडलेलंच नसतं.

उत्पन्नाच्या दाखल्यात ऊसतोड कुटुंबांचा घोळ ठरलेला. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, लिहितात आणि वर हंगामाची मजुरीही लिहितात. उचल त्याच मजुरीतून फिटते. तोच पैसा दोनदा मोजला जातो आणि कुटुंब मर्यादेबाहेर जातं. याच्या उलट, संजय गांधी निराधार अनुदान योजनेची २१ हजारांची मर्यादा गाठायला आकडा पाडून लिहू नका. दुसऱ्या योजनेला दिलेला दाखला शेजारी ठेवला की अर्ज अडकतो.

"महिन्याला ९६७ रुपये म्हणजे गरिबी" हा आकडाही लोक उत्पन्नाचा समजतात. ती तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेली २०११-१२ ची ग्रामीण महाराष्ट्राची गरिबीची रेषा, तीही माणशी खर्चाची. पाच माणसांच्या घराला ती वर्षाला ५८,०२० रुपये होते. प्राधान्य कुटुंबाचे ४४ हजार मात्र घरात दोन माणसं असोत की सात, तेवढेच. पाच जणांत वाटले तर माणशी महिन्याला ७३३ रुपये. मला हे अन्यायाचं वाटतं. म्हणून मोठ्या एकत्र घरातल्या भावांची चूल खरोखर वेगळी असेल, तर कार्डही वेळेत वेगळं करून घ्या.