पदर सुटतायत? पत्रा घडी घालून लाटताना या चुका टाळा

घडीची पोळी करताना आत तेलाचं बोट फिरवतो, वर पीठ भुरभुरवतो. का, तर पदर सुटावेत. अ‍ॅक्युम्युलेटिव्ह रोल बॉन्डिंग, म्हणजे लॅबच्या बोलीत एआरबी, हे बरोबर त्याच्या उलट काम आहे. पत्रा अर्धा कापायचा, एकावर एक ठेवायचा आणि रोलिंग मिलमधून, म्हणजे दोन फिरत्या जड लाटण्यांमधून, निम्म्या जाडीला आणायचा. दोन्ही तुकडे एकजीव होतात आणि जाडी पहिल्याइतकीच राहते. मग पुन्हा कापा, पुन्हा लाटा. ओसाका विद्यापीठातल्या योशिहिरो साइतो, नोबुहिरो त्सुजी आणि सहकाऱ्यांनी १९९८ च्या सुमारास ही पद्धत मांडली. ११०० जातीचं मऊ अ‍ॅल्युमिनियम, ज्याची ताण-ताकद (ओढून तुटेपर्यंत सोसलेला ताण) ८० मेगापास्कलच्या आसपास असते, ते २०० अंशांवर आठ चक्रं लाटल्यावर ३०० च्या घरात गेलं. मिश्रधातू तोच राहिला, फक्त त्याचे कण, म्हणजे धातूच्या आतले स्फटिक, मायक्रॉनपेक्षा बारीक झाले.

वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात हाती येतात ते पापुद्रे, आणि खापर फुटतं मिलवर. मिलचा दोष क्वचितच असतो. खालचा प्रत्येक मथळा म्हणजे एकेक चूक, सल्ला नव्हे.

आधी ब्रश, मग ॲसिटोन

सगळ्यात जास्त नमुने इथेच वाया जातात. तेलकट पत्र्यावर वायर ब्रश चालवला की तेल निघत नाही, ओरखड्यांत भरून बसतं. म्हणून आधी ॲसिटोनने पुसा, सुकू द्या, मगच ब्रश. ब्रश स्टेनलेसचा आणि फक्त याच कामाचा. गंज काढायचा ब्रश इथे आणू नका. घासल्याने पृष्ठभागावर कडक, ठिसूळ थर तयार होतो. लाटताना तो तडकतो, फटींतून ताजा धातू वर येतो आणि समोरच्या ताज्या धातूला चिकटतो. सांधा तिथेच जुळतो. म्हणून घासल्यावर फडका नको, बोट नको, कॉम्प्रेसरची हवाही नको, कारण तिच्यातून तेल आणि पाणी येतं. दोन्ही तुकडे लगेच समोरासमोर ठेवून कोपऱ्यांना तारेने बांधा आणि काही मिनिटांत मिलला द्या.

आमच्याकडे एकदा सोललेल्या पट्टीच्या आत अंगठ्याएवढा गुळगुळीत, चमकदार डाग निघाला. भोवती सगळीकडे खरबरीत सांधा, मध्ये तेवढंच कोरं. कोणाचा अंगठा, ते शोधलं नाही. त्या दिवसापासून हातमोजे आले.

एका पासऐवजी दोन

पास म्हणजे मिलमधून एक फेरी. मिलवर भार नको म्हणून जाडी ३० टक्क्यांनी कमी करणारे दोन पास घेतले तर एकूण ५१ टक्के होतात. हिशोब बरोबर, पण सांधा नाही. अ‍ॅल्युमिनियमला थंड लाटताना एका पासात साधारण ३५ टक्क्यांच्या खाली पकड बसतच नाही. पहिल्या पासनंतर तुकडे वेगळे होऊन बाहेर येतात. ५० टक्के एकाच पासात घ्या. मिलला झेपत नसेल तर पट्टी अरुंद करा, पास वाढवू नका.

तडे दिसले तरी पुढे चला

कडेचे तडे प्रत्येक चक्रात आत सरकतात. दर वेळी कडा कापा, माल वाया गेला तरी. ५०८३ सारख्या कडक जातीत हे जास्तच.

तापमानाचं थोडक्यात: अ‍ॅल्युमिनियमला २०० अंश, आयएफ स्टीलला (अगदी कमी कार्बनचं मऊ पोलाद) ५०० अंशांच्या आसपास. जास्त तापवलंत तर कण पुन्हा वाढतात आणि सगळी मेहनत फुकट. भट्टी मिलला चिकटून हवी. एक मिलिमीटरचा पत्रा हातात घेऊन चार पावलं चाललात की तो २०० वर राहिलेला नसतो.

पदर कुठे सुटला, ते न बघणं

शेवटच्या चक्राचा सांधा नेहमी जाडीच्या बरोबर मध्ये असतो आणि तो एकदाच लाटला गेलेला असतो, म्हणून सगळ्यांत कच्चा. त्याआधीच्या चक्राचे सांधे पाव आणि पाऊण जाडीवर. नमुना वाकवा, कड पॉलिश करून भिंगाखाली बघा. मध्ये उकललं तर शेवटची सफाई चुकली. पाव जाडीवर उकललं तर आदल्या वेळची. चक्रांची वही ठेवली असेल तर चूक कोणत्या दिवशीची, तेही सापडतं. तापवल्यावर फोड आले तर आत हवा किंवा तेल अडकलंय.

लवचीकता आणायला थोडं तापवणं

हे जुन्या जाणत्यांनाही चकवतं. पत्रा कडक झाला, थोडा तापवला की मऊ होणार, हे आपल्या हाताला बसलेलं गणित. पण २००६ मध्ये शिआओशू हुआंग, नील्स हॅन्सन आणि त्सुजी यांनी दाखवलं, की एआरबीने बारीक केलेलं ९९.२ टक्के शुद्ध अ‍ॅल्युमिनियम १५० अंशांवर अर्धा तास ठेवलं तर ते आणखी कडक होतं, ताणण (तुटण्याआधी लांबण्याची क्षमता) कमी होते. तेच पुन्हा १५ टक्के लाटलं तर मऊ पडतं! कण इतके बारीक, की तापवल्यावर आतल्या मोकळ्या डिसलोकेशन (स्फटिकाच्या रचनेतले दोष, ज्यांच्या सरकण्याने धातू वाकतो) निघून जातात आणि पुढचं विरूपण सुरू करायला जादा ताण लागतो. त्यामुळे ताणण हवी असेल तर १५० वर भरवसा ठेवू नका. तापमान पायऱ्यापायऱ्यांनी वाढवून प्रत्येक पायरीला ताण-चाचणी घ्या.

आणि असा पत्रा टिग वेल्डिंगला (विजेच्या ठिणगीने धातू वितळवून जोडणं) देऊ नका. सांध्याशेजारचे कण वाढतात आणि तिथली ताकद जवळजवळ मूळ पत्र्यावर येते. रिव्हेट किंवा चिकटद्रव वापरा.