मिठाचं पाणी किती अंशाला उकळतं, ते मोजायचं कसं

मीठ घातलं की पाणी जास्त तापमानाला उकळतं, हे सगळ्यांना पाठ असतं. किती जास्त, असं विचारलं की माझ्या वर्गात लिलाव सुरू होतो: पाच, दहा, पंधरा अंश! लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम मीठ घातलं तर वाढ एक दशांश अंशाचीही होत नाही. तेव्हा प्रयोग करायचा तर मिठाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका.

वजनकाटा लागेल आणि 110 अंशांच्या पुढे मोजणारा, दशांश दाखवणारा डिजिटल तापमापी. तापाचा चालणार नाही.

आधी अर्धा किलो साधं पाणी वजन करून घ्या आणि उकळा. तापमापीचं टोक पाण्यात मधोमध धरा, तळाला टेकू देऊ नका; तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो. आकडा स्थिरावला की लिहून ठेवा. तो 100 नसला तरी घाबरायचं कारण नाही. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर चढलं की उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, शिवाय तापमापीचा स्वतःचा फरक असतो तो वेगळाच. आपल्याला वाढ मोजायची आहे, त्यामुळे आला तो आकडा आपला शून्य.

आता आच बंद करा. बुडबुडे थांबले की 29 ग्रॅम मीठ घाला. उकळत्या पाण्यात घातलंत तर ते फसफसून वर येईल आणि हात भाजेल. ते फसफसणं पाहून 'मिठाने लवकर उकळी येते' म्हणणारे मला दरवर्षी भेटतात; तिथे वाफेला बुडबुडा धरायला मिठाच्या कणांचा आधार मिळालेला असतो, बाकी काही नाही. मीठ विरघळलं की पुन्हा उकळा. आकडा सुमारे एक अंश चढलेला दिसेल.

हा एक अंश येतो कुठून? विरघळलेल्या कणांमुळे पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, कमी होतो आणि तो हवेच्या दाबाला गाठेपर्यंत पाणी आणखी तापवावं लागतं. किलोभर पाण्यात कणांचा एक मोल (डझनासारखीच, पण प्रचंड मोठी ठरावीक संख्या) असेल तर वाढ 0.512 अंश. 29 ग्रॅम मीठ म्हणजे अर्धा मोल. पण त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात, म्हणून कणांचा एक मोल, तोही अर्ध्याच किलोत. साखरेचे रेणू असे फुटत नाहीत. तेवढ्याच पाण्यात तेवढीच वाढ हवी असेल तर साखर लागेल 342 ग्रॅम!

पुढे 29-29 ग्रॅम घालत जा. पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून दर वेळी भांड्यासकट वजन करून तूट साध्या पाण्याने भरा. हे टाळलंत तर आकडे फुगतील.

साधारण 200 ग्रॅमनंतर मीठ तळाशी साचू लागेल. वरच्या सरळ हिशेबाने इथे वाढ 7 अंश यायला हवी, प्रत्यक्षात ती साडेआठच्या वर जाते. तो हिशेब विरळ द्रावणापुरताच खरा. आता पाणी आटलं तरी आकडा हलणार नाही, कारण जास्तीचं मीठ खाली बसत राहतं. तळाचा थर मात्र पाणी उसळवतो. भांडं उडू लागलं की आच बंद करा.